दहाचा नट सातचा कसा निघाला

सर, गाडीच्या कामाची ती चिठ्ठी द्या आता परत, किती वेळ वाचाल — चुकलंय, माहीत आहे मला. ते 'फोल्ट' नाही, 'फ्लोट' लिहायचं होतं. आमचं शुद्धलेखन असंच, बोलणंही साधंच, सांभाळून घ्या. आणि तुम्ही फॉल्ट वाचलंत तरी चालेल, कारण फॉल्टच होता — गाडीचा नाही, माझा. बसा ना. गाडी तयार आहे. पण तीनदा ती चढावर बंद पडली, तीनदा तुम्ही ढकलत आणलीत, आणि तीनदा मी म्हणालो पेट्रोलमध्ये कचरा आहे — तेव्हा चावी देण्याआधी सांगायलाच हवं.

फ्लोट म्हणजे काय, तर संडासाच्या टाकीत गोळा असतो बघा, पाणी भरलं की वर येतो आणि नळ बंद करतो — माफ करा, दुसरं उदाहरण सुचत नाही. कार्बोरेटरमध्ये तसाच, पेट्रोलवर तरंगणारा. त्याची उंची ठरलेली असते, तुमच्या गाडीला चौदा मिलिमीटर. जास्त झाली की पेट्रोल लवकर बंद होतं, आत कमी साठतं, सपाट रस्त्यावर कळत नाही, चढाला लागलात की गाडी खोकते आणि मरते. ही उंची मामा कशी लावायचे — मामा म्हणजे माझे सख्खे मामा, गॅरेज त्यांचंच, मी सातवी अर्धी टाकून आलो तेव्हापासून त्यांनीच शिकवलं — तर ते कार्बोरेटर उलटा धरायचे, पेट्रोलच्या नळीत तोंडाने फुंकायचे, बोटाने फ्लोट हळूहळू खाली आणायचे, फुंक अडली की एक डोळा मिटून बघायचे. झालं. मी म्हणायचो, मामा, कार्बोरेटर आहे हा, पिपाणी नाही. आणि मी पट्टी आणली. कुठली? माझीच, कंपासपेटीतली. शाळेतून तेवढीच सोबत आली होती, म्हटलं शिक्षणाचा कुठेतरी उपयोग होऊ दे. पट्टी उभी टेकवायची, चौदावर फ्लोट आणायचा, पुढची गाडी. येईल त्याला दाखवायचो — अंदाजावर काम नाही, मोजून काम.

मग गाड्या परत यायला लागल्या. चढावर बंद. कोणती मामांनी लावलेली, कोणती मी, लिहून कुठे ठेवलं होतं? पण पट्टी खोटं कसं बोलेल — म्हणजे मामांची नजर गेली. एका गिऱ्हाइकाला म्हणालोसुद्धा, वय झालंय त्यांचं, मी बघून घेतो. प्रेमानेच म्हणालो हो. मामा मागेच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून पंक्चर काढायला बसले. मग सगळे कार्बोरेटर मी लावायला लागलो आणि सगळ्याच गाड्या परत यायला लागल्या. तरी डोक्यात प्रकाश पडतोय का? नाही. मी पेट्रोलपंपाला शिव्या दिल्या.

कळलं काल दुपारी. दहाचा नट हवा होता. पट्टी समोरच, म्हणून नट उभा करून मोजला — सात. दुसरा घेतला — सात. म्हटलं दुकानदाराने फसवलं, नट परत करायला निघालो. जाता जाता दहाचा पाना लावून बघितला, तर चपखल बसला. मग पट्टी डोळ्याजवळ धरली — तुम्ही हसताय, तुम्हाला कळलं. पट्टी जिथे सुरू होते तिथे शून्य नसतो. आधी कोरी जागा असते, तीन मिलिमीटर. चौदा म्हणून मी सतरा लावत होतो. चौथीतल्या पोरालाही माहीत असतं, रेघ शून्यापासून मारायची. मलाही माहीत होतं — पट्टी आडवी असताना. उभी केल्यावर विसरलो.

नाही, काल मामांना सांगितलं नाही. फक्त तुमचा कार्बोरेटर त्यांच्यासमोर ठेवला, म्हटलं एकदा फुंकून बघता का. ते म्हणाले, मला नीट दिसत नाही रे आता. म्हटलं, बघा तरी. त्यांनी फुंकला, लावला, आणि संध्याकाळी मी तुमचा चढ दोनदा चढून आलो, एकदाही खोकली नाही गाडी. मग घरी आई म्हणाली, तुला ठाऊक नाही का, दादाने — म्हणजे मामांनी — गाडी चालवणं सोडलंय. दोन महिने झाले. म्हणतो, दिसत नाही, कुणाच्या अंगावर घालीन. डोळे तपासायला जायलाही घाबरतो. आणि सर, मी रोज बघत होतो ते चालत येतात. मला वाटलं तब्येतीसाठी. म्हणायचोही — छान मामा, पोट कमी होईल.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं खरं तर, चिठ्ठीचं सांगत होतो. घ्या चावी, निघा. मामा पार्ट आणायला गेलेत, येतील एवढ्यात, त्यांच्यासमोर हा विषय नको. काय? मग सांगितलं की नाही? सांगितलं. आज सकाळी सहाला त्यांच्या घरी गेलो आणि जिन्यातच, खाली बघून, सगळं सांगितलं. ते आत जाऊन दाढी करून आले. तोवर मी त्यांच्या स्कूटरवरचं कापड काढलं, धूळ पुसली, टायरात हवा भरली, चावी त्यांच्या हातात दिली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो.