डावीकडची स्क्रीन

बिघडलेला कीबोर्ड काखेत धरून शिक्षिका कॉम्प्युटरच्या दुकानाच्या रांगेत ताटकळत होत्या. पुढे एक वयस्कर जोडपं होतं आणि त्यांचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

“नवीन ग्राफिक्स कार्डाला दोन स्क्रीन जोडल्या. उजवीकडची लख्ख दिसते, डावीकडची अक्षरं पुसट. डावा डोळा गेला माझा,” काका दुकानदाराला सांगत होते.

“डॉक्टरकडे चला म्हटलं, तर ऐकतील तर शपथ!”

“काका, डावीकडच्या स्क्रीनला अडॅप्टर कोणता लावलात?” दुकानदाराने विचारलं.

“निळ्या टोकाचा. सगळ्यात स्वस्त.”

“तरीच! त्यातून अक्षरं पसरतात. स्क्रीनच्या मागे पांढरं पोर्ट आहे?”

“आहे की. रिकामंच आहे.”

“मग हा पांढऱ्या टोकाचा न्या. उजवा डोळा झाकून पाहिलात कधी?”

“भीती वाटली हो.”

“आता झाका. माझ्या मागची पाटी वाचा.”

“विकलेला माल परत घेतला जाणार नाही... अगं, खालची बारीक अक्षरंसुद्धा दिसतायत! सुटलो बाई!”

“तुम्ही सुटलात! आणि मी तीन आठवडे पंख्याचा वारा सोडून तुमच्या उजवीकडे बसतेय, तुम्हाला दिसावी म्हणून!”

“हात्तिच्या! मला वाटलं, लाडात आलीयेस.”