मागून बसलेली लाथ

(फिजिओथेरपीची खोली. पेशंट खाटेवर, त्याची बायको स्टुलावर.)

पेशंट : …म्हणून म्हणतो, पाय मुरगळलाय. पंधरा दिवस पट्टा बांधलाय, तेल चोळून चोळून कातडं निघायची वेळ आली. आता तुम्ही शेक द्या आणि मोकळं करा आम्हाला.

फिजिओ : काय झालंय ते मी ठरवते, काका. तुम्ही विचारलं तेवढं सांगा.

पेशंट : काका कोणाला म्हणता? केस लवकर पिकलेत, बाकी काही नाही.

बायको : अहो, सरळ उत्तरं द्या ना.

फिजिओ : सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेखाली खिळा रुतल्यासारखं होतं?

पेशंट : नाही.

फिजिओ : म्हणजे तळव्याचं दुखणं नाही. घोट्याच्या बाहेरून, इथं दाबलं तर?

पेशंट : काही नाही.

फिजिओ : मग मुरगळला कुठून? मुरगळलेला पाय इथं हात लावला की बोंबलतो. दुखतं तिथं बोट ठेवा.

पेशंट : हे इथं. मागं, टाचेच्या वर.

फिजिओ : अस्सं. काय करत होतात तेव्हा?

पेशंट : आमचा सामान हलवायचा धंदा. लोकांची घरं इथून उचलायची, तिथं ठेवायची. टेम्पोला फळी लावून लोखंडी कपाट वर ढकलत होतो. पाय रोवला, जोर लावला, आणि…

फिजिओ : आणि मागून कोणीतरी सणसणीत लाथ मारली. फट्‌कन आवाजसुद्धा आला.

पेशंट : ऐकलंस? ऐकलंस गं? नुसता पाय बघून कळलं यांना!

बायको : मॅडम, काय बोलून बसलात तुम्ही!

फिजिओ : का?

बायको : यांच्या मागं माझा धाकटा दीर होता. त्यानंच लाथ मारली म्हणून यांनी त्याला धंद्यातून काढलं, घरातून काढलं. जन्मभर लोकांची घरं हलवली दोघांनी, आज तो स्वतःचं हलवतोय. आत्ता, या घडीला सामान भरतोय. कायमचा चाललाय, बायकापोरं घेऊन.

पेशंट : जाऊ दे की. मी लंगडा झालो तर धंदा कोणाच्या हातात जाणार होता?

बायको : आणि तुम्हाला पाठीवर घालून दवाखान्यात कोणी पळवलं?

पेशंट : मारणाराच आधी धावतो. संशय येऊ नये म्हणून.

फिजिओ : पालथे झोपा. पावलं खाटेच्या बाहेर सोडा.

पेशंट : पालथं कशाला? मागून काय करणार तुम्ही?

फिजिओ : लाथ नाही मारत. झोपा. ताई, जरा जवळ या. ही चांगल्या पायाची पोटरी दाबते. पाऊल बघा.

बायको : हललं. आपलं आपण.

फिजिओ : आता हा पाय.

बायको : …हा नाही हलत.

पेशंट : थांबा, मी हलवतो.

फिजिओ : तुम्ही काहीही करू नका. पोटरीपासून टाचेपर्यंत जाड दोरी असते. पोटरी ओढली की ती पाऊल हलवते. तुमची तुटलीय. इथं खड्डा लागतोय हाताला.

पेशंट : लाथेनं तुटली.

फिजिओ : जोरानं तुटली. तुटताना लाथ बसल्यासारखी वाटते. ही दोरी तुटून या खाटेवर जो आला, तो आधी मागं वळून बघून आलेला. एकानं तर भिंतीला शिव्या घातल्या होत्या. मागं भिंतच होती.

पेशंट : तुम्हाला त्यानं फोन केला होता.

फिजिओ : तुम्हाला भाऊ आहे हेच मला आत्ता कळलं.

पेशंट : मग हिनं केला असणार. फार पुळका आहे दिराचा.

बायको : हो, मीच केला! पोटरीलाही मीच शिकवून आणलं, हलवू नकोस पाऊल म्हणून!

फिजिओ : वळून बघितलंत तेव्हा तो कुठं होता?

पेशंट : मागं. सांगितलं ना.

फिजिओ : पाय पोचेल इतका जवळ?

पेशंट : …फळीच्या खाली. लांब, रस्त्यावर.

फिजिओ : करत काय होता?

पेशंट : डोक्यावर गादी होती. दुहेरी. पार डोळ्यांवर आलेली. ओरडत होता, दादा, काय झालं, मला काही दिसत नाहीये.

बायको : हे मला एकदाही सांगितलं नाहीत तुम्ही.

पेशंट : पण लाथ बसली ना मला! माझ्या टाचेला कळत नाही?

फिजिओ : दुखलं, एवढंच टाचेला कळतं. कोणी मारलं, ते तुम्ही ठरवलंत. आजच्या आज सर्जनकडे जायचं, आधीच फार उशीर केलात. आणि हा पाय आता टेकायचा नाही. लिफ्ट बंद आहे. जिना कसा उतरणार?

बायको : मला नाही पेलायचे हे. …अहो? लावू का फोन?

पेशंट : भरून झालं असेल त्याचं सामान.

बायको : लावू का, ते सांगा.

पेशंट : लाव.

बायको : वाजतोय. उचलला तर काय सांगू?

पेशंट : सांग… मागं कोणी नव्हतं म्हणावं.