मागं पाहायची सवय

(कामठी. सकाळचे अकरा. पुढच्या खोलीत प्रेमिला सुपात तूरडाळ निवडत बसलेली. समोर तिचा मुलगा, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी.)

प्रेमिला: नाही म्हनलं नं एकदा. किती खेपा सांगू? मी सही करनार नाही.

संघपाल: एकदा वाचून तं पाह्य, माय.

प्रेमिला: न वाचताच मालूम हाये मले काय लिवलं असंन ते. तू चहा पी आधी, थंडा होऊन राहिला.

संघपाल: चहा कधीचा पिऊन झाला. कप तुझ्याच हातापाशी आहे.

प्रेमिला: मंग दुसरा मांडते. अठरा दिवसाच्या लेकराचा बाप झाला तू, अन् तोंड पाह्य कसं करून बसला, मयतीतून आल्यावानी. पोट्टी कशी हाये? दूध पिते नं बरोबर? प्रीतीच्या मायले सांगजो, बाळंतिनीले मेथीचे लाडू दे म्हना, त्यात कंजुशी करू नोको म्हना.

संघपाल: पिते, झोपते, सगळं बरोबर आहे. माय, तीन दिवस उरले. एकवीस दिवसाच्या आत महानगरपालिकेत नोंद करा लागते.

प्रेमिला: तं कर नं. तुले कोनं अडवलं?

संघपाल: फॉर्मवर बापाचं नाव लागते.

प्रेमिला: हाये नं बापाचं नाव. अख्ख्या हिंदुस्थानाले मालूम हाये. अश्विन. पेपरात छापून आलं, टीव्हीवर आलं. चौकातल्या पानठेल्यावर अजून टांगून हाये तुह्या फोटो, हार घालून.

संघपाल: माझं नाव अश्विन नाही, माय.

प्रेमिला: हळू बोल! शेजारची यमुताई अंगनात हाये.

संघपाल: वीस वर्षं हळूच बोललो. आता पोरगी झाली. बापाचं नाव पोरीच्या नावामागं चालते. शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या पत्रिकेत. मी जिता असून तिच्या मागं मेलेल्याचं नाव लावू काय?

प्रेमिला: मेलेला म्हनू नोको त्याले!

संघपाल: मग काय म्हणू?

प्रेमिला: काही म्हनू नोको. वीस वर्षं म्हनलं नाही, मंग आताच काहून? आन् हे सगळं कोनासाठी केलं होतं गा? तुह्यासाठीच नं? सोळा वर्षाचा घोडा झाला होता तू. फुटबॉलचे सर आले घरी, या खुर्चीवर बसले. म्हने, बाई, पोरगा हिरा हाये, पन ॲकॅडमीत चौदाच्या आतलेच पोट्टे घेते, माह्या हातात काही नाही. सर गेले, अन् तू तीन दिवस भाकर खाल्ली नाही. त्या कोपऱ्यात तोंड खुपसून पडला होता. आठवते का?

संघपाल: आठवते.

प्रेमिला: मंग पेटीतून जन्माचा दाखला कोनं काढला? तुह्या बाबानं नाही, म्या काढला. अश्विनच्या कपड्याखाली होता. चार वर्षं ते पेटी उघडली नव्हती मी. तो गेल्यावर या मोहल्ल्यात आलो आपन, इथं कोनाले मालूम नव्हतं का दोघातला कोन गेला. म्या म्हनलं, लेकराले तं आता काहीच लागत नाही, त्याचा कागद भावाच्या कामी येऊ दे.

संघपाल: अन् बाबानं राशन कार्डावरून माझं नाव कापलं.

प्रेमिला: एक तं कापाच लागत होतं नं बाबू. दाखला त्याचा, तं कार्डावर बी तोच पाह्यजे. त्या दिवशी तुह्या बाबा हापिसातून आला, ताटावरून उठून गेला. मले म्हने, प्रेमिला, जित्या पोराचं नाव कापून आलो मी. मेला तोवर त्याच्या मनातून ते गेलं नाही.

संघपाल: तेच परत लिहायचं आहे. बस, एवढंच. नागपुरातल्या सदरच्या वकिलानं सांगितलं, घरातलं मोठं माणूस आता तूच उरली, तुझीच शपथ लागते. थोरला हयात आहे, धाकटा वारला. दोन ओळी.

प्रेमिला: दोन ओळी! त्याले सोप्या असतीन. बाबू, तुह्या पयला सामना टीव्हीवर लागला नं, कोलकात्याचा? मी त्या मोरीच्या दारात उभी होती. तूनं गोल मारला अन् पन्नास हजार मानसं एका सुरात वरडाले लागले, अश्विन, अश्विन. मले वाटलं, बाप्पा, ज्या लेकरानं धड नागपूर पायलं नाही, त्याचं नाव इतक्या लोकाइले पाठ! तवापासून तो वाढलाच नं या घरात. वीसचा झाला, पंचवीसचा झाला, कॅप्टन झाला. पेपरात वय छापून ये त्याचं, मी कापून ठेवो. आता चौतीसचा हाये. अन् तू म्हनतं, लिहून दे का तो मेला. जवान पोरगा मारू मी एका सहीनं?

संघपाल: अन् मी कुठं आहे त्यात?

प्रेमिला: तू तं हायेच.

संघपाल: कुठं आहे? तू तरी हाक मारली काय मले कधी? माणसात अश्विन, घरात बाबू. वीस वर्षं झाले, माय. माझं नाव ऐकलं नाही मी तुझ्या तोंडून.

प्रेमिला: भलत्या ठिकानी तोंडातून निंगालं असतं तं? म्हनून जिभेले सवयच लावून टाकली. तुह्या भल्यासाठीच नं.

संघपाल: दवाखान्यात नर्स बाहेर आली. म्हणे, अश्विन कोण आहे, मुलगी झाली. मी मागं पाहिलं.

प्रेमिला: मागं कोन होतं?

संघपाल: भिंत. सगळे लोक माझ्याच तोंडाकडे पाहून राहिले होते. प्रीतीची माय हसली, म्हणे जावई खुशीनं येडा झाला. दुसऱ्या दिवशी मी प्रीतीले सगळं सांगून टाकलं.

प्रेमिला: सांगतलं? बाप्पा बाप्पा! काय म्हने मंग?

संघपाल: पोरीले पाजून राहिली होती. पाजणं होऊ दिलं. मग म्हणे, मी लग्न कोणाशी केलं होतं?

प्रेमिला: तिचं बी बरोबर हाये म्हना. पन मागं पाहाची तं तुले सवयच हाये. इंग्रजीत बोलनारे ते टीव्हीवाले नाही का, ते काय सांगत ते यमुताई मले समजावून सांगे. म्हने, हा पोरगा चेंडू याच्या आधी दोनदा खांद्यावरून मागं पाह्यते, म्हनून याले अख्खं मैदान दिसते. किती कौतुक करत!

संघपाल: हो. व्हिजन म्हणत. ॲकॅडमीत लहान पोट्ट्याइले माझे व्हिडिओ दाखवते अजून. पहा, अश्विन कसा मागं पाहते.

प्रेमिला: मंग? चांगलंच हाये नं.

संघपाल: मी मैदान पाहत नव्हतो, माय. मागून पाय वाजायचे.

प्रेमिला: कोनाचे पाय?

संघपाल: लहान. बिनचपलीचे. ओल्या रेतीत वाजते नं, तसे. खाली गवत राहे, चारी बाजूनं गोंगाट, तरी वाजायचे. कोलकात्यात, गोव्यात, केरळात. लोक अश्विन म्हणून ओरडले का हमखास वाजायचे. मले वाटे, हे त्याले बोलावून राहिले अन् तो येऊन राहिला.

प्रेमिला: दिसला का?

संघपाल: नाही.

प्रेमिला: एखाद्या खेपेस तरी? कसा होता? तेवढाच होता का मोठा झाला होता?

संघपाल: एकदाबी नाही दिसला, माय.

प्रेमिला: माह्या तं सपनातबी येत नाही. किती वाट पाह्यली म्या त्याची. अन् तुह्या मागं मात्र धावते! भावाचं वेड होतंच त्याले पयलेपासून. जिथं तू, तिथं तो.

संघपाल: वेड म्हणून नाही धावत तो. काहून धावते, मले मालूम आहे. परवा पोरीले मांडीवर दिलं माझ्या. तिनं डोळे उघडले, अन् मी तिच्याकडे पाहायचं सोडून मागं पाहिलं. असं चालणार नाही आता. आज सांगतो तुले. आमचा एक कायदा होता खेळायचा.

प्रेमिला: कायचा कायदा?

संघपाल: सगळ्याच पोट्ट्याइचा राहते. जो मारन तो आणन. चेंडू ज्यानं बाहेर मारला, त्यानंच जाऊन आणायचा.

प्रेमिला: ते मालूम हाये मले. तूच तं सांगतलं होतं त्या दिवशी, का त्यानं मारला अन् तोच आनाले गेला.

संघपाल: त्यानं नव्हता मारला.

प्रेमिला: काय?

संघपाल: मी मारला होता. संक्रांतीच्या दोन दिवस आधी, कन्हानच्या रेतीत. पाळी माझी होती. पण माझ्या अंगात मामानं आणलेला नवा स्वेटर होता, निळा. भिजन म्हणून मी त्याले म्हटलं, तू जाय. तो म्हणे, मी काहून? तूनं मारला. मी म्हटलं, नाही गेला तं उद्यापासून तुले खेळाले घेणार नाही.

प्रेमिला: अन् मंग?

संघपाल: मग गेला. वरून गुडघ्याएवढं पाणी दिसे. रेती काढणाऱ्याइनं खाली खड्डे करून ठेवलेले. चार पावलं दिसला. पाचवं नाही दिसलं.

प्रेमिला: चेंडू?

संघपाल: हवा सुटली होती. चेंडू आपोआप काठाले आला, माझ्या पायापाशी. जरासं थांबलो असतो तं कोणालेच जा लागलं नसतं.

प्रेमिला: पंचवीस वर्षं, बाबू. पंचवीस वर्षं मी मनातल्या मनात त्या लेकराले बोल लावून राहिली. मी बजावलं होतं त्याले त्या सकाळी, पान्यात जाजो नोको. मले वाटे, ऐकलं नाही मायचं. हेकट होता, म्हनून गेला. त्याच्या फोटोले हार घालतानी बी मी रागावो त्याच्यावर. अन् त्यानं तं मोठ्या भावाचं ऐकलं होतं.

संघपाल: मार मले. काहीतरी बोल.

प्रेमिला: काय बोलू?

संघपाल: बाबा रडे का जित्याचं नाव कापलं. मले वाटे, बरोबरच कापलं. मीच जायचा होतो, माझंच कापलं. म्हणून त्याचं नाव अंगावर घेऊन खेळलो. गुडघा फाटला तरी सुई घेऊन खेळलो. म्हटलं, त्याचं खेळणं माझ्या पायानं पुरं होऊ दे.

प्रेमिला: तो निळा स्वेटर. म्या जबरदस्तीनं घालून देल्ला होता तुले त्या हिवाळ्यात, अन् तू उलटी केली अंगावर. म्या दोन थापडा मारल्या होत्या, का इतका महागाचा स्वेटर अन् पोरगं नखरे करते.

संघपाल: हो.

प्रेमिला: तवाच काहून नाही सांगतलं?

संघपाल: भेव वाटे. तूबी खेळाले घेणार नाही असं वाटे.

प्रेमिला: बारा बी पुरे नव्हते तुले. बारा पुरे नव्हते. इतकंसं पोट्टं अन् एवढं घेऊन फिरलं. इकडे सरक. अजून सरक, खात नाही मी तुले. राग हाये मले, नाही म्हनत नाही. लय राग हाये, तो जाईन का नाही मालूम नाही. पन सरक इकडे.

संघपाल: डाळ सांडली, माय.

प्रेमिला: सांडू दे. ॲकॅडमीतली कोचची नोकरी जाईन नं हे लिवल्यावर?

संघपाल: जाईन. मेडल वापस मागतीन. पेपरवाले आठ दिवस चघळतीन. पानठेलेवाला फोटो काढन.

प्रेमिला: हारासकट काढू दे. अन् ते पाय? ते वाजाचे थांबतीन?

संघपाल: मालूम नाही.

प्रेमिला: थांबले नाही तं एकदा मले बोलावजो. मी पाह्यते मागं वळून, तू पोरीकडे पाह्य. आन तो कागद. अन् टीव्हीवरचा चष्मा दे.

संघपाल: वाचून दाखवू काय?

प्रेमिला: चौथी पास हावो मी. "मी, प्रेमिला गोपाळराव गजभिये, राहणार कामठी, शपथेवर लिहून देते की, माझा थोरला मुलगा संघपाल हा हयात असून..." हयात म्हनजे जिताच नं?

संघपाल: जिताच.

प्रेमिला: "...माझा धाकटा मुलगा अश्विन हा, वय वर्षे नऊ असताना, कन्हान नदीत बुडून मरण पावला." हे कोनं लिवलं?

संघपाल: वकिलानं.

प्रेमिला: चुकलं. यावर मी सही करत नाही.

संघपाल: माय, आता काय झालं?

प्रेमिला: नऊ नाही. नऊ वर्षं चार महिने. भादव्यातला जन्म त्याचा. चार महिने कुठं गेले?

संघपाल: तेवढ्यानं कायद्याले काही फरक पडत नाही वं.

प्रेमिला: कायद्याले नसंन पडत. संघपाल, पेन घे हातात. तुह्यं वय आपन अडीच वर्षं कमी लिवलं. त्याचं तरी पुरं लिव.