न धुतलेला डबा

हसणार नसाल तर सांगतो. फौजेत होतो तवाची गोष्ट. लग्नाच्या वाढदिवसाला मी बायकोसाठी एआयकडनं मेसेज लिवून घेतला. ‘प्रिये, तुझ्याविना माझं जीवन अपूर्ण आहे,’ असला लय भारी. पाठवला, तर दोन मिनिटांत गावाकडनं, कुंडलहून तिचा फोन. रडतच म्हणती, “आवं, खरं सांगा, कुठं लागलंय तुमाला?”

“काय न्हाई गं! मोबाईलनं लिवून दिलंय.”

“मग मोबाईललाच नांदवा!” फोन बंद.

मग तासभर डोकं खाजवून स्वतः लिवलं, ‘तू दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली. डबा अजून धुतला न्हाई. उघडला की घरचा वास येतो.’

परत फोन. परत रडणं.

“आता काय झालं गं?”

“काय न्हाई. ठेवा फोन, शेंगदाणे भाजायला घेतलेत.”