सुपातले दाणे

धुळ्याच्या बसस्टँडवर सरिताच्या मागच्या बाकावर एक म्हातारा भगत आणि त्याचा पुतण्या बोलत बसले होते.

“आबा, बठ्ठं गाव जमेल शे, सगळे तिकडे तुमची वाट पाहताहेत. सुपात दाणे टाका आणि मोगराबाई डाकीण आहे म्हणून सांगून मोकळे व्हा.”

“तीनदा टाकले. तिन्ही वेळा देव नाहीच म्हणाला.”

“दाणे तुम्हाला नि मलाच वाचता येतात. खोटं सांगितलं तर कोणाला कळणार?”

“ज्यानं दाणे पाडले त्याला.”

“तिचं नाव नाही घेतलं, तर लोक तुमचंच घेतील.”

“घेतील. मग माझ्या नावाचे दाणे टाकायला तुलाच बसवतील.”

सरिताला मागे वळून पाहायचा धीर झाला नाही.

“हे धर सूप. तेव्हाही देव सांगेल तेच बोल. माझी भीड धरू नको.”