थुंकीनं न पुसणारं पान

नका ठेवू विश्वास! एका तरी शब्दावर ठेवून दाखवाच, मी या वयात गाढवावर उलटं बसून चौकाला फेरी मारते... कारण बासिलिया लायमे खोटारडी, हे तुम्हाला वेशीवरच कळलं असणार, आणि सांगितलं कुणी असणार? सातुर्निनानं! दुसरं कोण? ती, समोरचे दोन दात नाहीत, बोलताना शिट्टी वाजते, ती! अहो, ते दात मी पाडलेत. मी! या उजव्या हातानं, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, नाताळच्या दिवशी, भर मैदानात, चोरलेल्या मेंढ्यावरून. आणि ही बया त्रेचाळीस वर्षं गावभर सांगत फिरते, "मला गाढवानं लाथ मारली गं..." गाढवानं! मेहनत माझी आणि नाव गाढवाचं! म्हणून तर पुस्तक छापायला घेतलं, आणि त्या पुस्तकानंच घात केला माझा. पुठ्ठ्याला नावं नाही ठेवत मी. पुठ्ठा चांगला होता. बाकीचं ऐका.

आमच्याकडे वर्षभर कुणी कुणावर हात टाकत नाही. म्हणजे टाकतात, पण हलका. खरं भांडण आंबत ठेवायचं, मक्याच्या दारूसारखं, आमच्या चिचासारखं, आणि नाताळला बाळ येशूच्या पाया पडून झालं की सरळ मैदान गाठायचं. आधी मिठी, मग मार, मग परत मिठी. हातात काही घ्यायचं नाही, पडलेल्याला तुडवायचं नाही, मध्ये एव्हारिस्तो चाबूक घेऊन उभा. कोर्ट नको, वकील नको, फक्त नाक जागेवर बसवणारा एक माणूस लागतो. आणि हे सगळं मी लिहून ठेवत आले. तिसरी शिकलेय मी, काय समजलात? चौथीत मास्तरनं कानाखाली वाजवली, मी परत वाजवली, शिक्षण संपलं. पण तेवढ्या अक्षरात पाचशे मारामाऱ्या बसवल्यात, पेन्सिलीनं, वह्यांत... कोण कुणाशी भिडलं, कशावरून, कुणाचं काय मोडलं, कोण आईच्या नावानं रडलं. आणि पान त्रेसष्टवर मी आणि सातुर्निना. दोन दात, वरचे, मोजून.

पण पेन्सिलीचं कोण खरं मानतंय? छापलं की खरं. म्हणून सगळ्या वह्या पोत्यात घालून मी शहरात, कुस्कोला गेले, ग्रिमानेसाबाईच्या छापखान्यात. चांगली आडवी बाई, दंड असे मांडीएवढे... तेव्हाच बघून ठेवायला हवे होते ते दंड! पण मी बघत होते पुठ्ठा. कारण ती बाई दुसरं काही बघूच देईना.

"आजी, पुठ्ठा बघा, पुठ्ठा!" आणि नमुन्याचं पुस्तक टेबलावर आपटलं, धाड! मग जमिनीवर टाकून त्यावर उभी राहिली. एवढी बाई! मग वाकवलं, पिळलं, वर पेलाभर पाणी ओतलं. चकचकीत पुठ्ठा, एक थेंब चिकटेल तर शपथ! मी म्हटलं, "आणि आतली शाई गं?" तर म्हणते, "ही बघा," आणि अंगठा फिरवला अक्षरांवरून. एक कण उठला नाही. पण कसला अंगठा? शहरातला अंगठा! साबणानं धुतलेला, कोरडा खडखडीत! इथंच फसले हो मी.

तुम्हीच सांगा, पान कसं उलटतात? अंगठा जिभेला लावून. आणि आमच्या जिभेवर काय असतं? सकाळपासून गालात कोकाच्या पानांचा गोळा, वर राखेची चिमूट, तोंडात हिरवंगार तळं! त्या थुंकीनं तांब्याच्या भांड्यावरचा काळा डाग निघतो, शाई काय चीज आहे?

ऑगस्टात आली पुस्तकं, शंभर. ऑगस्टात, जेव्हा आमच्या डोंगरात ऐन हिवाळा, हंड्यातलं पाणी दगड होतं! चौकात मी वाटायला बसले, नवा घागरा घालून, आणि पहिलं पुस्तक उघडलं एव्हारिस्तोनं, आणि... कड्! मला वाटलं कुणाची बरगडी मोडली. बरगडी नव्हे, गोंद! थंडीनं पाठीतला गोंद तडकला आणि वारा सुटला. दुसरं उघडलं, कड्! तिसरं, कड्! सगळ्या चौकात पानं, मेंढरं पळावीत तशी, आणि पानांमागे गाव. ज्याला जे सापडलं ते त्यानं पुठ्ठ्यात कोंबलं, कसंही, आणि बसला वाचायला! आता एका पानाच्या शेवटाला एव्हारिस्तोचा बाप लाथ उगारून उभा, आणि खाली लागलंय भलत्याच वर्षाचं पान, त्यावर वर पहिली ओळ, "आणि तोंडावर पडून आई गं म्हणून रडला." एव्हारिस्तो उठला. "माझा बाप रडला? माझा?" शेजारचा म्हणतो, "छापलंय ना, मग!" थाड! दिली ठेवून. मग शेजाऱ्याच्या मेहुण्यानं एव्हारिस्तोला, मग मेहुण्याला त्याच्याच बायकोनं, कारण तिच्या आजोबांचं पान सापडत नव्हतं... नाताळला चार महिने, आणि ऑगस्टात तीन नाकं, एक भुवई आणि एका कानाचा लचका! कान सापडला नंतर. पुस्तकातच होता, खुणेला ठेवल्यासारखा. आणि पुठ्ठे? पुठ्ठ्यांनी तर मारत होते एकमेकांना! एक फाटला नाही. पुठ्ठ्याला नावं नाही ठेवत मी.

आणि सातुर्निना? ती मारामारीत नव्हती. ती घरोघर फिरत होती. "वाचायला दे गं जरा, लगेच आणून देते." घ्यायची, त्रेसष्टवं पान शोधायची, ही एवढी जीभ बाहेर काढून अंगठा भिजवायची आणि घासायची! तव्यावरचं करपलेलं खरवडावं तसं! शंभरच्या शंभर पुस्तकं, महिनाभर, जिभेचा रंग उतरला नाही तिच्या. आणि मग माझ्या दारात. पान नाचवत. "कुठंय गं बासिलिया? दात कुठायत? इथं तर नुसता हिरवा डाग दिसतोय मला." शिट्टी वाजवत! म्हणते, "गाढवाच्या शेणासारखा!"

मी सुरी घेतली होती हो हातात. बटाटे सोलत होते म्हणून घेतली होती. पण डोक्यात आलं, हिला मारून काय होणार? परत गाढवाचंच नाव होईल. मारायचं तर जिनं छापलं तिला! लावला फोन.

"ग्रिमानेसाबाई, शाई जाते तुझी."

"आजी, थुंकी लावून पुस्तक वाचतात का कुणी?"

"मग काय चरबी लावून वाचतात? आणि गोंद तडकला तो?"

"तो गोंद उबदार खोलीतल्या पुस्तकांसाठी असतो, आजी."

"मग गोंदाला सांगायचं होतंस की कुठं जायचंय ते! लोकर गुंडाळून आला असता!"

"पुठ्ठा कसा आहे?"

आता खोटं कसं बोलू? "पुठ्ठा चांगलाय."

"मग झालं तर!"

झालं तर?! पुठ्ठा चांगलाय म्हणून झालं तर? उद्या माझी टोपी चांगलीय म्हणून आत डोकं नसलं तरी चालेल का? म्हटलं, "बाई, नाताळला मैदानात ये. मी जिंकले तर दोऱ्यानं शिवून, न जाणाऱ्या शाईत सगळं परत छापायचं. तू जिंकलीस तर बासिलिया पुस्तकाचं नाव काढणार नाही, आणि सातुर्निनाला गाढवानं मारलं असं सगळ्यांसमोर कबूल करेन."  मग म्हणते, "माझी आई तुमच्याच खालच्या वाडीची. येते." नुसतं येते! आवाजसुद्धा चढवला नाही. जी बाई आवाज चढवत नाही तिला घाबरावं, हे चौऱ्याहत्तर वर्षांत शिकवलं नाही मला कुणी!

नाताळ उजाडला. मैदान भरलं. मुखवटे घातलेले पुरुष बारीक बायकी आवाजात गातायत, कुणाच्या डोक्यावर मेलेला कोल्हा, कुणाच्या ससाणा, चिचाचे हंडे उघडलेत. दोघे खालच्या वाडीचे आधीच दात गोळा करत बसलेत. आणि ती आली... घागरा खोचून, बाह्या वर करून, ते दंड!  पण मी काय कच्ची? मी सकाळीच पोटाला पुस्तक बांधलं होतं. शालीखाली, कमरपट्ट्यात घट्ट. पुठ्ठा मजबूत ना? मग कधीतरी कामाला येऊ दे की! हातात काही घ्यायचं नाही असा नियम आहे. पोटावरचं कुणी बोललं नाही.

एव्हारिस्तोनं चाबूक वाजवला. "मिठी!"

मिठी मारली. आणि मेली मिठी मारताना कानात म्हणते, "आजी, पोट फार कडक झालंय तुमचं." आणि हसली.

मी पहिली लाथ घातली नडगीवर, अशी की तिची सगळी आई-आजी आठवली तिला! दुसरा बुक्का कानशिलात, टोपी उडाली तिची. लोक ओरडले, "बासिलिया! बासिलिया!" मी म्हटलं आता तिसऱ्यात नाकाचं भरीत करते... आणि तिनं मारली. चेहरा सोडून, छाती सोडून, नेमकी पुस्तकावर. ती लाथ होती का खेचराची टाच, देव जाणे! मी उडाले. खरंच उडाले, खाली एव्हारिस्तोची टोपी दिसली मला वरून! आणि पडले चिचाच्या हंड्यात. पट्टा तुटला, पुस्तक बाहेर, कड्, आणि सगळ्या मैदानात पानं... पुन्हा!

 एव्हारिस्तोनं पुठ्ठा उचलला. उलटा केला, सुलटा केला, आभाळाकडे धरला. आणि भर मैदानात ओरडला, "ओरखडासुद्धा नाही!"

काय हसले हो लोक! तोंडातून रक्त गळतंय आणि हसतायत! सातुर्निनाची शिट्टी तर पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेली असेल. "लबाडी केली, बासिलिया हरली," एव्हारिस्तोनं चाबूक वाजवला, "शेवटची मिठी!"

हंड्यातून मला तिनंच काढलं. चिचा गळतेय, दोन बरगड्या बोलतायत, आणि ती मिठी मारून म्हणते, "आजी, पुठ्ठा माझा चांगला, पण आतलं वाईट होतं. ते मैदानभर बघितलं मी. गाढवाचं कबूल करायला नको, परत छापते, शिवून. थुंकी लावा, चिचा ओता, दावणीतल्या लामाला खायला घाला, जाणार नाही. एकच अट. आजची मारामारी पण आत जाणार. जशी झाली तशी. तुम्हीच म्हणता ना, छापलं की खरं?"

आणि मी शहाणी, हो म्हटलं! कारण माझं सगळं लक्ष त्रेसष्टव्या पानावर.

आली नवी पुस्तकं. मी एक रात्रभर चिचात भिजवलं, सकाळी दगडाखाली ठेचलं, चुलीच्या धुरात टांगलं. काही नाही! दोऱ्याची शिवण, अक्षर तसंच, काळं कुळकुळीत. त्रेसष्टव्या पानावर दोन दात, वरचे, मोजून. सातुर्निना दोन दिवस घासत बसली, जीभ सुजली तिची, पाणीही पिता येईना. मी दारात उभी राहून बघायचे. काय सुख होतं सांगू! दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिनं शेवटचं पान उघडलं.

आता ती घासत नाही. आता ती वाचते. चौकात, मोठ्यानं, शिट्टीसकट: "बासिलिया लायमे पोटाला पुस्तक बांधून आली, उडाली, चिचाच्या हंड्यात पडली, हरली." मेंढी विकून तीस पुस्तकं घेतलीत तिनं. जो पाव्हणा वेशीवर येईल त्याला एक फुकट!

आणि मी... रोज सकाळी गालात कोका भरते, अंगठा भिजवते, शेवटचं पान घासते. अंगठ्याची साल गेली, अक्षर जात नाही. पुठ्ठ्याला नावं नाही ठेवत मी. आता तर शाईलाही ठेवता येत नाहीत, शिवणीलाही नाहीत... सगळंच कसं टिकाऊ केलं मेलीनं!

निघा आता. निघा म्हणते ना! आणि शालीखाली ते काय लपवलंय, दिसतंय मला. मी पण लपवलं होतं. जा, निघा... मला अंगठा भिजवायचाय.