शून्य कसं धरशील?

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं पडलं. मावशी घरोघरी सर्वेक्षणाला जायची आणि भाची त्याचा डेटाबेस बांधत होती.

“प्रश्न एका तक्त्यात, उत्तरं दुसऱ्यात. काम चोख आहे, मावशी!”

“आणि ‘मुलं किती?’ याला उत्तरच मिळालं नाही तर?”

“शून्य धरायचं.”

“शून्य कसं धरशील? एक बाई नुसती रडत राहिली गं. आकडा काही सांगितला नाही.”

“मग जागा रिकामी ठेवू?”

“म्हणजे मी विचारलंच नाही, असं होईल!”

“थांब. ‘विचारलं, पण सांगितलं नाही’ अशी वेगळी नोंद ठेवते.”

“हां! आणि तिच्या दारात तो प्रश्न पुन्हा कुणी विचारायचा नाही. जमेल?”

“जमलंच समज.”